स्टिरिओ घेताना आधी पैसे कशावर घालावेत? – कानाच्या डॉक्टरचा घरचा अनुभव



कान-नाक-घशाच्या ओपीडीत आजाराबाहेरचेही प्रश्न येतात. गेल्या महिन्यात एक निवृत्त शिक्षक आले होते. कानातला मळ काढून झाला, चप्पल घालता घालता ते थांबले आणि म्हणाले, "डॉक्टर, घरी गाणी ऐकायला चांगला सेट करायचाय. मुलगा म्हणतो अ‍ॅम्प्लिफायर भारी घ्या, दुकानदार म्हणतो स्पीकर भारी घ्या. तुम्ही कानाच्या डॉक्टर, तुम्ही सांगा. आधी पैसे कशावर घालू?"

बाहेर रांग होती. मी हसून वेळ मारून नेली. पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. कारण या प्रश्नाचं चुकीचं उत्तर मी स्वतः दिलेलं आहे आणि तेही स्वतःच्याच खिशातून. म्हणून आज नेहमीचा सर्दी-खोकला-चक्कर बाजूला ठेवून या विषयावर लिहिते. वाचता वाचता तुमच्या लक्षात येईल, की विषय तितकासा बाजूचा नाही.

माझी चूक

माझे वडील, आप्पा, मूळचे मिरजेचे. त्यांचं लहानपण सतारमेकरांच्या वस्तीजवळ गेलं. दारात वाळत ठेवलेले भोपळे, रंगाचा वास आणि दिवसभर कुठून तरी चाललेली तारांची छेडछाड. आप्पा गाणं शिकले नाहीत. नोकरी सूतगिरणीत, ३२ वर्षं. पण तंबोरा नुसता ऐकून "याची जवारी उतरलीय" असं सांगणारा माणूस. घरात रेकॉर्डी होत्या, सत्तरेक तरी. भीमसेनजी, मन्सूरअण्णा, किशोरीताई. जुना रेकॉर्ड प्लेअर बंद पडला, मग आई गेली, आणि रेकॉर्डी माळ्यावरच्या ट्रंकेत गेल्या.

आप्पा सांगलीला माझ्याकडे राहायला आले, तेव्हा मी ठरवलं, की त्यांच्या ७६व्या वाढदिवसाला स्टिरिओ घ्यायचा. ६०,००० रुपये बाजूला काढले. खरेदी कशी केली ते सांगते, कारण बहुतेक लोक अशीच करतात. १०० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर २४,००० रुपयांचा. टर्नटेबल २०,००० चं. दुकानदाराने आग्रहाने गळ्यात मारलेली केबल ४,००० ची. उरलेल्या १२,००० मध्ये बसतील ते स्पीकर.

नवीन डॉक्टर असतो ना, तो पेशंटला हातही न लावता आधी एमआरआय लिहून देतो. तसंच झालं हे. जे चकचकीत, ज्याच्यावर आकडे मोठे, ते आधी.

स्पीकर टीव्हीच्या शोकेसमध्ये, दोन कोपऱ्यांत कोंबले. किशोरीताईंची भूपाची रेकॉर्ड लावली. आप्पांनी एक बाजू पूर्ण ऐकली. "छान आहे," म्हणाले आणि पेपर उचलला.

आप्पा भूपाला "छान आहे" म्हणून पेपर उचलतात, म्हणजे काहीतरी बिघडलेलं आहे, एवढं मला कळलं.

आवाज कुठे बिघडतो?

आता थोडं शास्त्र. घाबरू नका, सोपं आहे.

रेकॉर्डवरचं गाणं तुमच्या मेंदूपर्यंत जाताना बरेच वेळा रूप बदलतं. रेकॉर्डच्या खाचेत सुई हलते, ती झाली हालचाल. कार्ट्रिज त्या हालचालीची वीज करतं, फक्त काही मिलिव्होल्ट. अ‍ॅम्प्लिफायर ती वीज मोठी करतो. स्पीकर त्या विजेची पुन्हा हालचाल करतो, पडदा हवा ढकलतो. ती हवा खोलीतून, भिंतींवर आपटत, तुमच्या कानाशी येते.

यात एक नियम लक्षात ठेवा. जिथे रूप बदलतं, तिथे बिघाड जास्त. विजेची वीजच राहते तिथे बिघाड कमी. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये वीज आत, वीज बाहेर. आजचा साधा, नीट बनवलेला अ‍ॅम्प्लिफायरही मूळ आवाजात जी भेसळ करतो, ती टक्क्याच्या अगदी छोट्या भागात मोजावी लागते. स्पीकरची भेसळ मात्र, विशेषतः खर्जात आणि मोठ्या आवाजात, सरळ टक्क्यांत जाते. कागदाचा किंवा प्लॅस्टिकचा एक शंकू पुढे-मागे नाचवून तबलाही काढायचा आणि तंबोराही, हे काम मुळात अवघड आहे.

म्हणून दोन स्पीकरमधला फरक तुम्हाला शेजारच्या खोलीतूनही कळेल. दोन बऱ्या अ‍ॅम्प्लिफायरमधला फरक, आवाज तंतोतंत सारखा ठेवून आणि डोळे बांधून ऐकवला, तर भल्याभल्यांना सांगता येत नाही.

मी २४,००० घातले तिथे, जिथे बिघाड सगळ्यात कमी. आणि १२,००० तिथे, जिथे सगळ्यात जास्त.

मग कशाला किती महत्त्व द्यायचं?

*१. स्पीकर.* पैशाचा मोठा वाटा इथे. मी आता कुणी विचारलं तर सांगते, की निम्मे पैसे स्पीकरला ठेवा. फार मोठे घ्यायची गरज नाही. आपल्या संगीताचा हिशेब करा. पुरुष गायक काळी एकमध्ये गात असेल तर त्याचा सा साधारण १३८ हर्ट्झचा. तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झ. काळी पाचमध्ये गाणाऱ्या बाईंचा सा २३३ हर्ट्झच्या आसपास. पाच-सहा इंची वूफरचे चांगले छोटे स्पीकर ५०-६० हर्ट्झपर्यंत उतरतात. म्हणजे शास्त्रीय गाणं, नाट्यगीतं, भावगीतं यांच्यासाठी वेगळा सबवूफर लागत नाही.

दुकानात एक सावधगिरी बाळगा. दोन स्पीकरमध्ये जो थोडा मोठा वाजतो तो आपल्याला "चांगला" वाटतो. हा कानाचा स्वभावच आहे. हळू आवाजात कानाला खर्ज आणि अगदी वरचे स्वर कमी जाणवतात. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं होतं. तेव्हा दोन्हींचा आवाज सारखा करायला लावा, स्वतःची पाठ असलेली रेकॉर्ड न्या, आणि डोळे मिटून ऐका. औषधांच्या चाचणीत पेशंटला खरी गोळी कुठली ते सांगत नाहीत, तेच तत्त्व.

*२. खोली.* यावर पैसे जवळजवळ लागत नाहीत, म्हणून दुकानदार याबद्दल बोलत नाही. आपल्या घरांत गुळगुळीत फरशी, मोकळ्या भिंती, काचेच्या खिडक्या. खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. मागून टिणटिण असा धातूसारखा नाद आला, तर गाण्याच्या प्रत्येक अक्षरामागे तोच नाद लागणार. सतरंजी, जाड पडदे, पुस्तकांचं उघडं कपाट आणि गादीचा दिवाण यांनी तो बराच कमी होतो.

स्पीकर कोपऱ्यात ठेवू नका. कोपऱ्यात दोन भिंती आणि फरशी मिळून खर्ज फुगवतात, डग्ग्याचा नुसता घुमारा होतो. भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे घ्या. दोन स्पीकर आणि तुमची खुर्ची यांचा समभुज त्रिकोण करा. वरच्या पट्टीचा छोटा स्पीकर, म्हणजे ट्वीटर, बसल्यावर कानाच्या उंचीला यावा. मी शोकेसमधून स्पीकर काढून दोन लाकडी स्टुलांवर ठेवले, त्या संध्याकाळी माझा खर्च होता शून्य रुपये. फरक त्या ४,००० च्या केबलने पडला होता त्यापेक्षा कितीतरी जास्त. केबलने मुळात पडलाच नव्हता.

*३. अ‍ॅम्प्लिफायर.* वॉटच्या आकड्याला भुलू नका. वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे जेमतेम जाणवेल इतकाच. आवाज कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. नेहमीच्या खोलीत, नेहमीच्या आवाजात गाणं ऐकताना स्पीकरला सरासरी एक वॉटसुद्धा लागत नाही. मधूनच तबल्याची थाप किंवा एखादी जोरकस तान येते, तेवढ्यापुरती ताकद हाताशी हवी. ३०-५० वॉट दिवाणखान्याला पुष्कळ झाले. फक्त स्पीकरवर लिहिलेले ओहम अ‍ॅम्प्लिफायरला चालतात ना, ते बघा. रेकॉर्डी लावायच्या असतील तर अ‍ॅम्प्लिफायरला फोनोची जोडणी आहे ना, तेही बघा. नाहीतर ते काही मिलिव्होल्ट नुसते कुजबुजत राहतील.

*४. गाणं येतं ते यंत्र.* इथे एक जुना वाद आहे. १९७०च्या दशकात स्कॉटलंडच्या लिन कंपनीने सोंडेक एलपी-१२ नावाचं टर्नटेबल आणलं. तिचे संस्थापक आयव्हर टीफेनब्रून यांचं म्हणणं होतं, की सगळ्यात महत्त्वाचं टर्नटेबल. जे सुरुवातीलाच हरवलं, ते पुढचा कुठलाही स्पीकर परत आणू शकत नाही. त्या काळासाठी यात तथ्य होतं. सुई-कार्ट्रिज ही रूप बदलण्याचीच जागा आहे, आणि सगळ्या घरांत गाणं तिथूनच येत होतं.

पण १९८२ मध्ये सीडी आली आणि पारडं फिरलं. सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. माणसाच्या कानाची वरची मर्यादा, तीही तरुणपणी, २०,००० हर्ट्झ. तेवढं त्यात पूर्ण मावतं. आज साधा सीडी प्लेअर किंवा मोबाइलला जोडलेलं छोटं यंत्रही हे काम चोख करतं. तेव्हा तुम्ही मोबाइलवरून ऐकणार असाल, तर इथे कमीत कमी खर्च करा. तुमचं गाणं फक्त रेकॉर्डींवर असेल, तर मात्र सुई चांगली घ्या. झिजलेली सुई आवाज तर बिघडवतेच, पण रेकॉर्डची खाच कायमची खरवडते. ते नुकसान भरून येत नाही.

*५. केबल.* तांब्याची, पुरेशी जाड, घट्ट बसणारी. बस्स.

तरीही आप्पांनी पेपर उचलला

हे सगळं मी वाचून, विचारून शिकले. २८,००० रुपये आणखी घालून चांगले स्पीकर आणले. जुने मुलाच्या खोलीत गेले. सतरंजी टाकली, पडदे बदलले, खुर्ची त्रिकोणात ठेवली. पुन्हा तीच भूपाची रेकॉर्ड. खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला. गळ्यातली एकेक श्रुती वेगळी, मागे तंबोरे उभे राहिल्यासारखे.

आप्पा पाच मिनिटं ऐकत होते. मग म्हणाले, "अगं, तंबोऱ्याला जवारीच नाही. नुसता ढब ढब वाजतोय."

मी आवाज वाढवला. ते लगेच कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "ओरडतंय ते. कमी कर."

मी दुकानदाराला फोन लावायला निघाले होते. तेवढ्यात माझा मुलगा म्हणाला, "आई, आजोबांना कुकरची शिट्टी झाली की कळते, पण मोबाइल वाजलेला कळत नाही. तुला माहीत नाही?"

मी कानाची डॉक्टर. रोज दहा-बारा ऑडिओग्राम वाचते. "वडिलांना ऐकायला कमी येतं हे घरच्यांना दोन-तीन वर्षं कळलेलं नसतं," हे वाक्य मी पेशंटच्या नातेवाइकांना शेकडो वेळा ऐकवलं आहे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. समोरासमोर बसून, माझ्याकडे बघून आप्पा बोलत होते. बरंचसं ते माझ्या ओठांवरून समजून घेत होते. फोनवर बोलणं त्यांनी कमी केलं होतं, मला वाटलं वयामुळे. मिरजेला दर्ग्यातल्या संगीत उत्सवाला जाणं थांबवलं होतं, मला वाटलं आई नाही म्हणून.

दुसऱ्या दिवशी क्लिनिकमध्ये त्यांची तपासणी केली. ऑडिओग्राममध्ये २५० आणि ५०० हर्ट्झला कान जवळजवळ ठीक होते, २०-२५ डेसिबल. १,००० ला ३०. २,००० ला ४५. ४,००० आणि ८,००० ला ७० डेसिबल. दोन्ही कान सारखेच.

या आकड्यांचा अर्थ काय?

कान हासुद्धा रूप बदलणारं यंत्र आहे. हवेच्या लहरीने पडदा हलतो. हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन इवलीशी हाडं ती हालचाल आतल्या कानात पोचवतात. तिथे गोगलगाईच्या शंखासारखी अडीच वेढ्यांची एक नळी आहे, तिला कॉक्लिया म्हणतात. त्यात द्रव आहे आणि साधारण १५,००० केशपेशी आहेत. त्या हलल्या की त्याची वीज होते आणि ती नसेवाटे मेंदूकडे जाते. म्हणजे गाण्याचं शेवटचं रूपांतर तुमच्या डोक्यात होतं. मघाचा नियम इथेही लागू आहे.

या शंखाच्या तोंडाशी उंच स्वर ऐकणाऱ्या पेशी असतात आणि टोकाशी खर्जाच्या. वय वाढतं तशा आधी तोंडाजवळच्या पेशी झिजतात. गोंगाटात काम केलेल्यांच्या तर ४,००० हर्ट्झच्या आसपास आधी खड्डा पडतो. सूतगिरणीतली आप्पांची ३२ वर्षं त्या ऑडिओग्रामवर मला स्पष्ट दिसत होती. माणसाच्या केशपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

आता तंबोरा. त्याच्या तारांचे मूळ स्वर खाली असतात, ७० ते ३०० हर्ट्झच्या टापूत. ते आप्पांना नीट येत होते. पण जवारी म्हणजे काय? घोडीवर तार पूर्ण न टेकता हलकी घासत राहते, त्यामुळे मूळ स्वरावर स्वरांची रांग उठते, ती थेट काही हजार हर्ट्झपर्यंत जाते. तो जो झंकार, ती चकाकी, ती तिथे वर असते. नेमकी तीच आप्पांच्या कानातून गेली होती. त्यांचं वाक्य शब्दशः बरोबर होतं. त्यांच्या तंबोऱ्याला जवारी नव्हती.

बोलण्याचंही असंच होतं. अ, आ, ओ हे स्वर खाली असतात, ते ऐकू येतात. स, श, त, फ ही व्यंजनं वर असतात, ती हरवतात. म्हणून असे पेशंट म्हणतात, "आवाज येतो, पण शब्द कळत नाही." घरचे म्हणतात, "त्यांना पाहिजे तेवढं बरोबर ऐकू येतं." तसं नसतं.

आणि "ओरडतंय, कमी कर" हे का? केशपेशी कमी झाल्या की हळू आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज त्रास पूर्वीइतकाच देतो. ऐकू येणं आणि त्रास होणं यांच्यातली जागाच आक्रसते. म्हणून बहिऱ्या माणसाच्या कानाशी ओरडणं हा उपाय नाही. स्टिरिओचा आवाज वाढवणं हाही नाही.

मग आम्ही काय केलं?

आप्पांना दोन्ही कानांना श्रवणयंत्रं बसवली. पहिल्या आठवड्यात पेपरचं पान उलटल्याचा आवाज मोठा वाटतो म्हणून ते वैतागले. दुसऱ्या आठवड्यात फोनवर बोलायला लागले. मग एक दिवस रेकॉर्ड लावली आणि ते म्हणाले, "आता जवारी येतेय, पण तंबोरा थरथरतोय. मधेच विरघळतो."

हे मात्र यंत्राच्या स्वभावामुळे. श्रवणयंत्रं मुळात बोलणं ऐकण्यासाठी बनवलेली असतात. एकसारखा चालणारा आवाज ऐकला की त्यांना तो पंख्याचा गोंगाट वाटतो, ती तो दाबतात. लांबलेला स्थिर स्वर ऐकला की त्यांना तो यंत्राचीच शिट्टी वाटते, ती तो खोडायला जातात. तंबोरा म्हणजे तर एकसारखा चालणारा, लांबलेला, स्थिर स्वरच! आमच्या ऑडिओलॉजिस्टने संगीतासाठी वेगळा प्रोग्राम बसवून दिला. त्यात गोंगाट कमी करणं बंद, शिट्टी खोडणं सौम्य आणि आवाजाचे चढउतार कमी दाबलेले. बोलण्यासाठी एक बटण, गाण्यासाठी दुसरं. तुमच्या घरी कुणी श्रवणयंत्र वापरत असेल आणि गाण्याची आवड असेल, तर हे मुद्दाम मागून घ्या. न विचारता फार कमी ठिकाणी करून मिळतं.

दुसरी गोष्ट, खुर्ची पुढे घेतली. माझ्या त्रिकोणातून बाहेर, स्पीकरच्या बरीच जवळ. अंतर निम्मं झालं की स्पीकरकडून थेट येणारा आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, खोलीचा घुमारा मात्र तेवढाच राहतो. अधू कानाला मोठ्या आवाजापेक्षा स्वच्छ आवाज जास्त लागतो. टीव्ही बघतानाही हेच करा. आवाज २० वरून ४० वर नेण्याआधी खुर्ची पुढे न्या.

शिक्षकांना द्यायचं राहिलेलं उत्तर

सर, हे वाचत असाल तर क्रम असा ठेवा:

• आधी कान. पन्नाशी-साठी ओलांडली असेल, किंवा कारखाना, छापखाना, ढोलताशा, बँडचा पूर्वेतिहास असेल, तर एकदा ऑडिओग्राम करून घ्या. मोबाइलवर शिट्ट्या ऐकवणारी अ‍ॅप्स गंमत म्हणून ठीक, तपासणी म्हणून नाहीत. कधी कधी नुसता मळ निघाल्यावरच स्टिरिओ सुधारतो, ते तुम्ही अनुभवलंच आहे.

• मग खोली आणि जागा. स्टुलं, सतरंजी, पडदे, खुर्ची.

• मग स्पीकर. निम्मे पैसे.

• मग साधा, भरवशाचा अ‍ॅम्प्लिफायर. रेकॉर्डी असतील तर चांगली सुई.

• केबल सगळ्यात शेवटी, दुकानदार काहीही म्हणो.

आणि जे कान आज चांगले आहेत ते सांभाळा. ८५ डेसिबलला आठ तास ही कामाच्या जागेसाठी मानलेली मर्यादा आहे. दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते, म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन. गाणं चालू असताना हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागत असेल, तर ते मोठं आहे. हेडफोनवाल्या मुलांना हे दोनदा सांगा. स्पीकर बदलता येतो, केशपेशी बदलता येत नाहीत.

ऐकू कमी येणं ही नुसती गाण्याची अडचण नाही. माणूस आधी फोन टाळतो, मग लग्नकार्य, मग गप्पा. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या आटोक्यात आणता येण्यासारख्या कारणांत श्रवणदोष धरला आहे, २०१७ मध्येही आणि २०२४ मध्येही. घरात कुणी "ठीक आहे, छान आहे" म्हणून पेपर उचलत असेल, तर त्याला एकदा तपासणीला आणा.

आप्पा आता रोज दुपारी चहानंतर एक रेकॉर्ड लावतात. सुई स्वतः पुसतात, मला हात लावू देत नाहीत. यंदा दर्ग्यातल्या उत्सवालाही गेले, पुढे बसले, आणि संपेपर्यंत थांबले. परवा मी विचारलं, "आप्पा, आता जवारी येते ना पूर्वीसारखी?"

त्यांनी जरा वेळ ऐकलं. "पूर्वीसारखी नाही," म्हणाले. "पण ओळखू येते."

माझा १०० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर त्यांच्या शेजारी आहे. त्याची खुंटी अजून कधी पावाच्या पुढे गेलेली नाही.